उन्हाळ कांदा, विकिरण आणि पंख्याची चाळ : चाचणी कशी मांडावी?

उगावरोड
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला यंदा उन्हाळ कांद्याच्या साठवणीची चाचणी घ्यायची आहे. लासलगावच्या 'कृषक' या विकिरण केंद्रातून विकिरण करून, म्हणजे कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देऊन, आणलेला कांदा आणि साधा कांदा, एप्रिलअखेर कांदाचाळीत भरायचे ते सप्टेंबरपर्यंत ठेवायचे. शिवाय चाळीखालून पंख्याने हवा दिली तर फरक पडतो का, तेही पाहायचं आहे.

बेत असा : एक ट्रॉली विकिरणाला, एक ट्रॉली तशीच. एक चाळ पंख्याची, एक बिनपंख्याची. सप्टेंबरात चाळी फोडून वजनं करायची.

सभासदांत दोन तट आहेत. काहींना वाटतं घट निम्म्यावर येईल. काही म्हणतात किरणं मारलेला कांदा खाणार कोण. इथे भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळे जाणकार आहेत, म्हणून विचारतो : अशा चाचणीतून निघालेल्या आकड्यावर पुढच्या वर्षी पैसे गुंतवता येतील का? नसतील तर बेतात काय बदलू?

दुपाखी
आधी 'घट' हा शब्द फोडून घ्या. चाळीतली घट तीन वाटांनी जाते : वजन उडणं, म्हणजे पाणी आणि कांद्याचा श्वास, मग सड आणि कोंब. पारंपरिक चाळीत चार-सहा महिन्यांत ढोबळमानाने वजनातली तूट २०-२५ टक्के, सड १०-१२ टक्के आणि कोंब ८-१० टक्के धरतात. विकिरण यातल्या फक्त तिसऱ्या वाटेवर काम करतं. पाणी उडायचं ते उडणारच. काजळी (काळी बुरशी) आणि बुडकूज (बुडाची सड) त्या मात्रेला दाद देत नाहीत. म्हणून 'घट निम्म्यावर' ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडा.

दुसरं, कोंब कधी येतात ते पाहा. कांद्याला १० ते २० अंशांत कोंब सर्वांत लवकर फुटतो. शून्याजवळ तो थांबतो आणि २५-३० अंशांतही दबलेला राहतो. मे-जूनच्या उष्ण चाळीत कोंब जवळपास नसतातच. सुप्तावस्था संपत आली आणि पावसाळी गारवा मुरला की ऑगस्टपासून सुरू होतात. जुलैत चाळ फोडलीत तर विकिरणाचा उपयोग शून्य दिसेल आणि तो निष्कर्ष चुकीचा असेल.

गॅमा६०
दुपाखींशी सहमत. भौतिकशास्त्राची बाजू मांडतो.

स्रोत कोबाल्ट-६०. त्यातून १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) गॅमा किरण निघतात. कांद्याला नेहमीची मात्रा ६० ते ९० ग्रे, भारतीय नियमांत कंदांना कोंबबंदीसाठी २० ते २०० ग्रेची मर्यादा आहे. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल. ६० ज्यूलने एक किलो कांदा अंशाच्या साठाव्या भागाइतकाही तापत नाही. म्हणजे 'भाजलेला कांदा' हा समज मुळातच निराधार. परिणाम होतो तो मधल्या कोंबाच्या वाढबिंदूवर, कारण विभागणाऱ्या पेशींचा डीएनए सर्वांत नाजूक. बाहेरच्या पापुद्र्यांच्या पेशी विभागतच नाहीत, त्यांना फारसं काही होत नाही.

यात तीन ठिकाणी गाडं अडतं.

वेळ. काढणी आणि सुकवणीनंतर दोन-चार आठवड्यांच्या आतच मात्रा मिळाली पाहिजे, कांदा गाढ झोपेत असताना. आतला कोंब हलू लागल्यावर दिलेली मात्रा त्याला मारते खरी, पण मेलेला कोंब तपकिरी होऊन आतच राहतो. कांदा उभा चिरला की मधोमध काळसर काडी दिसते आणि हॉटेलवाला माल परत करतो. लवकर दिलेल्या मात्रेत ती काडी इतकी बारीक असते की शोधावी लागते.

मात्रेची समानता. पाण्यात कोबाल्टचे किरण साधारण ११ सेंटिमीटरला निम्मे होतात. कांद्याच्या राशीत निम्मी पोकळी, त्यामुळे तिथे हे अंतर वीसेक सेंटिमीटर. जाड खोक्यात कडेच्या कांद्याला भरपूर आणि मधल्याला कमी मात्रा मिळते. म्हणून खोकं दोन्ही बाजूंनी किरणांसमोर नेतात. तुम्ही केंद्राकडून आपल्या मालाच्या किमान आणि कमाल मात्रेचा लेखी दाखला घ्या, सरासरी पुरत नाही. या पल्ल्यात मोजणीला फ्रिकेचं द्रावण चालतं. त्यात फेरस लोह फेरिक होतं आणि ३०४ नॅनोमीटरवर शोषण मोजलं की मात्रा निघते. २० ते ४०० ग्रे हाच त्याचा पल्ला.

स्रोताचं वय. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, दरवर्षी ताकद सुमारे १२ टक्क्यांनी उतरते. तेवढा वेळ माल जास्त आत ठेवावा लागतो. तुमच्या मालाला गेल्या वर्षीचीच मिनिटं लावली तर मात्रा कमी पडेल.

पैठणीगाव
आपला हापूसही लासलगावातूनच अमेरिकेला जातो ना? मग कांद्याला आणि आंब्याला एकच मात्रा देतात का?

गॅमा६०
नाही. २००७ पासून आंबा तिथून विकिरण होऊन अमेरिकेला जाऊ लागला, पण ती मात्रा किमान ४०० ग्रे. हेतू वेगळा : फळातल्या किडीची पुढची पिढी होऊ द्यायची नाही. कांद्याला एवढी दिली तर वाया. केंद्र २००२ चं, उभारणी मुळात कांदा-बटाट्यासारख्या कमी मात्रेच्या मालासाठीच झाली होती.

नाडीपरीक्षा
'खाणार कोण' या प्रश्नाला तज्ज्ञ म्हणतात म्हणून गप्प बसा असं उत्तर देऊ नये, सभासदांना कारण सांगावं.

पहिली शंका : कांदा किरणोत्सारी होतो का? त्यासाठी किरणांनी अणुगर्भातून न्यूट्रॉन उडवायला हवा. सर्वांत सैल बांधलेल्या बेरिलियमलाही १.६७ एमईव्ही लागतात, जड हायड्रोजनला २.२, आणि अन्नातल्या नेहमीच्या मूलद्रव्यांना याहून कितीतरी जास्त. कोबाल्टचा सर्वांत जोरकस किरण १.३३ चा. उंबरठाच ओलांडला जात नाही.

दुसरी : नवी घातक रसायनं तयार होतात का? १९८० मध्ये अन्न व कृषी संघटना, अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १०,००० ग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेचं अन्न विषशास्त्राच्या दृष्टीने निर्धोक ठरवलं. कांद्याची मात्रा त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. विकिरणाने स्निग्धांशातून काही खास संयुगं तयार होतात, त्यावर बरंच संशोधन झालं आहे, पण कांद्यात स्निग्धांश नाममात्र.

आणि ज्या अभ्यासाचा हवाला विरोधक देतात, तोही लपवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा १९७५ चा अभ्यास. कुपोषित मुलांना ताजा विकिरण केलेला गहू दिल्यावर रक्तातल्या पेशींत गुणसूत्रांचे जादा संच दिसले, असा दावा होता. मुलं एकूण १५, गटात पाच-पाच. साध्या गव्हाच्या गटात अशा पेशी शून्य दाखवल्या, जेव्हा निरोगी माणसातही थोड्याफार सापडतातच. मुलामागे मोजलेल्या पेशीही कमी. सरकारने आकडे तपासायला दिले ते विकिरण-जीवशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि पां. वा. सुखात्मे यांना. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातले, जगभर मानलेले संख्याशास्त्रज्ञ. १९७६ च्या अहवालात त्यांनी हा निष्कर्ष आकड्यांवर टिकत नसल्याचं दाखवलं. इतरांच्या प्रयोगांतही तो पुन्हा मिळाला नाही.

उगावरोड, तुमच्या चाचणीशी याचा थेट संबंध आहे. गट लहान आणि तुलनेचा गट अविश्वासार्ह असला की निष्कर्ष वर्षानुवर्षं लोकांना छळतो.

गोल्टी
एवढं सुरक्षित आहे तर पिशवीवर ठळक का लिहीत नाहीत? माझा आक्षेप विज्ञानाला नाही, न सांगता विकण्याला आहे.

नाडीपरीक्षा
आक्षेप रास्त आहे, गोल्टीताई. नियमानेच विकिरण केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसा मजकूर आणि हिरवं गोल चिन्ह लागतं. कंपनीने चाचणीतला विकिरणाचा माल सुट्या लिलावात मिसळू नये, चिन्हासह पिशव्यांतच विकावा.

चवीचा वाद असेल तर त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकाला तीन वाट्या, दोन एकसारख्या आणि एक वेगळी, वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तिघांत एक जण बरोबर येतो. २४ जणांपैकी किमान १३ जणांनी बरोबर ओळखली तरच चवीत फरक आहे म्हणा. बारा आले तर फरक सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही. वाट्यांवर तीन अंकी सांकेतिक आकडे टाका आणि वाढणाऱ्यालाही कोणती कुठली ते कळू देऊ नका.

चिठ्ठीवाला
आता मूळ बेताकडे. स्पष्ट सांगतो, दोन ट्रॉल्या आणि दोन चाळींचा बेत पैसे गुंतवण्याजोगा आकडा देणार नाही.

एक ट्रॉली म्हणजे एकच नमुना. तिच्यात हजारो कांदे असले तरी ते एकाच शेतातले, एकाच दिवशी काढलेले, एकाच वेळी आदळलेले. विकिरणाची ट्रॉली रामाच्या शेतातली आणि साधी शामाच्या, तर सप्टेंबरात दिसलेला फरक रामा-शामाच्या खताचाही असू शकतो. चाळींचंही तेच. एक चाळ वाऱ्याच्या तोंडावर आणि दुसरी झाडाआड, मग पंख्याचा फरक कुठला आणि जागेचा कुठला, सांगता येणार नाही.

म्हणून असं करा. एकाच चाळीत मध्ये प्लास्टिकची ताडपत्री लावून, एकाची हवा दुसऱ्यात जाणार नाही असे आठ कप्पे पाडा. त्यातल्या चारांना पंखा, चारांना नाही. कोणते चार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, पण जोडीजोडीने : शेजारच्या दोन कप्प्यांत एकाला पंखा, एकाला नाही. माल एकाच शेतातला घ्या, सगळा एकत्र मिसळा आणि २० किलोचे ६४ क्रेट भरा. ३२ विकिरणाला, ३२ तसेच. प्रत्येक कप्प्यात चार-चार. सगळा मिळून जेमतेम १३ क्विंटल माल लागतो.

सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं : साधे ३२ क्रेटही त्याच गाडीतून लासलगावला जाऊन आले पाहिजेत, फक्त आत जायचे नाहीत. नाहीतर विकिरणाच्या कांद्याला प्रवासाची जादा आदळआपट होईल, त्याला सड जास्त लागेल आणि दोष किरणांच्या माथी येईल.

संख्या का एवढी? क्रेटाक्रेटांतल्या घटीचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ५ टक्के धरलं आणि ५ टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर गटामागे सोळाएक क्रेट लागतात. सूत्र सोपं : विचलन भागिले फरक, त्याचा वर्ग, गुणिले १६. विकिरणासाठी ३२ भरपूर झाले. पंख्यासाठी मात्र नमुना म्हणजे कप्पा, क्रेट नव्हे. तिथे चार विरुद्ध चारच आहेत, त्यामुळे पंख्याचा मोठा परिणाम असेल तरच दिसेल. हे अहवालात लिहा.

दुपाखी
चिठ्ठीवाला, मांडणी चोख आहे, पण क्रेटमधला कांदा म्हणजे चाळीतला कांदा नव्हे. चाळीत चार-पाच फुटांचा थर असतो. खालच्या कांद्यावर वरचा भार येतो, हवा अडते, माती आणि सुटी टरफलं फटींत बसतात. क्रेटमध्ये चारी बाजूंनी हवा, घट नेहमीच कमी येणार. विकिरण-बिनविकिरण तुलना क्रेटवर चालेल. पंख्याची तुलना क्रेटवर केली तर फसाल.

चिठ्ठीवाला
मान्य. मग क्रेटऐवजी जाळीच्या १० किलोच्या पिशव्या राशीत पुरा : तळाशी, मध्ये आणि वर. पिशवीला लांब सुतळी आणि पत्र्याचा बिल्ला बांधून बिल्ला बाहेर काढून ठेवा. दर पंधरवड्याला वजन करता येणार नाही, कारण रास हलवली की चाचणी मोडते. त्याऐवजी ६०, ९० आणि १२० दिवसांना कोणत्या पिशव्या काढायच्या ते आधीच चिठ्ठ्यांनी ठरवा, काढलेली पिशवी परत ठेवायची नाही. विकिरणासाठीही दुपाखींच्या म्हणण्याप्रमाणे १२० दिवसांचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा.

पिशवी फोडल्यावर वजनाबरोबर नगही मोजा. सडलेला कांदा सुकून हलका होतो, नुसत्या वजनावर सड कमी दिसते. कोंबही आहे आणि सडही, तर कुठल्या खात्यात? आधीच लिहून ठेवा. सड पहिली धरतात, कारण तो कांदा विकलाच जात नाही.

वारा_आणि_पाती
पंख्याबद्दल. सर्रास होणारी चूक म्हणजे पंखा लावला की तो चालूच ठेवायचा. नाशिक पट्ट्यात जुलै-ऑगस्टला बाहेरची हवा ८५-९० टक्के दमट. तीच आत ढकलली तर काजळी वाढते आणि बुडाला मुळं फुटतात. आतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांत हवी.

उपाय गणितात आहे. २५ अंशांच्या हवेचा संपृक्त बाष्पदाब (हवेत मावेल तेवढ्या जास्तीत जास्त बाष्पाचा दाब) ३.१७ किलोपास्कल, ३० अंशांचा ४.२४. ८५ टक्के दमट हवा २५ वरून ३० अंशांवर नेली की आर्द्रता ८५ गुणिले ३.१७ भागिले ४.२४, म्हणजे ६३-६४ टक्क्यांवर येते. पाणी न काढता हवा 'कोरडी' झाली. तासाला १००० घनमीटर हवा पाच अंश तापवायला सुमारे १.६ किलोवॅट लागतात. विजेवर परवडत नाही, पण दुपारची पत्र्याखालची हवा फुकट गरम असते, तीच नळीने ओढून खाली सोडा. तापमान ३५ च्या वर जाऊ देऊ नका, वजन झपाट्याने उडतं.

पंखा चालू करायचा नियम : बाहेरचा बाष्पदाब आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच. टक्केवारीची तुलना फसवते, कारण आत-बाहेर तापमान वेगळं.

सेन्सर विकत आणल्यावर आणि दर महिन्याला तपासा. बरणीत मीठ घ्या, पाणी इतकंच घाला की मीठ ओल्या वाळूसारखं राहील, विरघळून संपणार नाही. सेन्सर वर लटकवा, झाकण घट्ट लावा, रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसले पाहिजेत. ७० किंवा ८० दाखवत असेल तर तेवढी दुरुस्ती वहीत लिहा. कांद्याची धूळ बसली की हे सेन्सर सरकतातच.

हवा खरंच राशीतून जाते की कडेने पळते, ते उदबत्तीने कळतं. पंखा चालू करून तळाच्या बांबूंच्या फटीजवळ धरा. धूर वर राशीत शिरला तर ठीक. आडवा सरकत भिंतीकडे गेला तर तिथे पाल्याने फटी बुजल्या आहेत. भरताना पाला आणि सुटी टरफलं झटकली नाहीत तर कुठलाही पंखा उपयोगाचा नाही.

चिंगळी_चांदवड
एका कांद्याभोवती चार शास्त्रं जमली, आता वांदा व्हायला नको :)
बाकी धागा आवडत्यांच्या यादीत टाकला.

भावफलक
शेवटी निर्णय रुपयांत होणार. हिशेब असा मांडा. आकडे केवळ उदाहरणाचे.

समजा आज भाव क्विंटलला १५०० रुपये, साठवणखर्च आणि व्याज मिळून २००, घट ३० टक्के. बरोबरीचा (ना नफा ना तोटा) भाव १७०० भागिले ०.७०, म्हणजे सुमारे २४३०. घट २२ टक्क्यांवर आली तर १७०० भागिले ०.७८, म्हणजे २१८०. आता विकिरण, वाहतूक, हमाली आणि पिशव्या मिळून १०० रुपये जादा धरले तर १८०० भागिले ०.७८, २३०८. अजूनही फायदा. पण जादा खर्च १९५ च्या आसपास गेला की फायदा संपतो. तुमच्या चाचणीने एवढंच सांगायचं आहे : घट किती टक्क्यांनी कमी झाली, आणि त्या बदल्यात क्विंटलमागे जास्तीत जास्त किती खर्च परवडतो. कोंब आलेला कांदा शून्य भावाने जात नाही, खाद (हलक्या प्रतीचा माल) म्हणून जातोच, तो भावही धरा.

भावाचं भाकीत मात्र एका हंगामाच्या चाचणीतून करू नका. २०२३ चंच पाहा : ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ज्याने उत्तम साठवला, त्याचाही हिशेब बिघडला. शुल्क पूर्ण उठलं ते १ एप्रिल २०२५ ला. बाजार समितीची दहा वर्षांची आवक-भाव नोंद घ्या आणि प्रत्येक वर्षासाठी वरचं गणित मांडा. किती वर्षांत फायदा आणि किती वर्षांत तोटा, हे सभासदांना दाखवा.

आणखी एक. केनियात मक्यावर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा यादृच्छिक (चिठ्ठ्यांसारखे गट पाडलेला) प्रयोग आहे. काढणीच्या वेळी कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी मका थांबून विकला, उत्पन्न वाढलं. पण ज्या भागात खूप जणांना कर्ज मिळालं, तिथे नंतरचा भावच कमी चढला आणि प्रत्येकाचा फायदा आटला. वर्षाच्या कांद्यातला ६०-६५ टक्के उन्हाळ. सगळ्या तालुक्याने चांगला साठवला तर सप्टेंबरचा भाव आजच्यासारखा राहणार नाही. पहिल्यांदा करणाऱ्याचा फायदा सगळ्यांचा फायदा म्हणून सांगू नका.

गॅमा६०
भावफलक, हिशेब पटला, पण दुपाखींच्या पहिल्या प्रतिसादातून 'विकिरण बिनकामाचं' असा अर्थ कुणी काढू नये. त्याची खरी जागा शीतगृहाबरोबर आहे. ०-२ अंशांत कांद्याचं वजन आणि सड दोन्ही आटोक्यात राहतात, पण बाहेर काढल्यावर उबेत कोंब भराभर फुटतात. म्हणून नुसतं शीतगृह कांद्याला लाभत नाही. आधी विकिरण, मग थंडी, असं केलं तर बाहेर आल्यावरही माल टिकतो. सरकारी राखीव साठ्यासाठी लासलगावात विकिरणाचा प्रयोग झाला तो याच विचाराने.

दुपाखी
शीतगृहाबाबत बरोबर. पण चाळवाल्या शेतकऱ्यासाठी पैसे आधी कुठे घालायचे, यावर माझं मत ठाम आहे : शेतात. साठवणीचा वाण घ्या, एन-२-४-१ किंवा भीमा किरणसारखा. लागवडीनंतर ६० दिवसांपुढे नत्र देऊ नका, मान जाड राहते आणि तिथूनच सड शिरते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. निम्म्या माना पडल्यावर काढा, तीन-चार दिवस पातीसकट वाळवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असे पसरा. पात कापताना इंच-दीड इंच नाळ ठेवा, मग दहा-पंधरा दिवस सावलीत. हे न करता आणलेल्या कांद्यावर तुमची चाचणी घेतलीत तर सगळीकडे सडच दिसेल आणि दोन्ही उपाय वाया गेल्यासारखे वाटतील.

उगावरोड
सगळ्यांचे मनापासून आभार. नवा बेत : एकाच शेतकऱ्याचा एन-२-४-१, दुपाखींच्या रीतीने सुकवलेला. एकच चाळ, आठ कप्पे, चिठ्ठ्यांनी चार पंखे. राशीत पुरलेल्या १० किलोच्या पिशव्या, निम्म्या विकिरणाच्या, सगळ्या लासलगावला जाऊन आलेल्या. मोजणी ६०, ९०, १२० दिवसांना. किमान-कमाल मात्रेचा दाखला मागतो. पंखा बाष्पदाबावर.

एक शंका उरली. मोजणारी पोरं आमचीच, सभासदांचीच. विकिरणाच्या बाजूचा असेल तो कोंब कमी मोजेल.

चिठ्ठीवाला
बिल्ल्यावर फक्त क्रमांक टाका, १ ते शेवटपर्यंत, चिठ्ठ्यांच्या क्रमाने. कोणता क्रमांक विकिरणाचा, ती यादी कंपनीबाहेरच्या कुणाकडे तरी पाकिटात बंद. शेवटची पिशवी मोजून आकडे वहीत शाईने उतरल्यावरच पाकीट फोडायचं.

वारा_आणि_पाती
आणि बिल्ला दोरीने नको, तारेने बांधा. उंदीर सुतळी कुरतडतात, मग क्रमांक राशीत कुठे गेला ते सापडत नाही. पिशवीच्या आतही त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला टाका.